योगेशच्या प्रोग्राममध्ये मी टाकलेली ओळ

हे मी आजवर कुणापाशीच काढलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही, आणि ज्याच्यापाशी काढायला हवं होतं त्याच्यापाशी तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर तुमच्यापुढेही मी चहा ठेवला असता आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या असत्या. ऑफिसात म्हणतात, मॅडम तोंडावर बोलतात, मॅडमना आडपडदा नाही. ते ऐकलं की मला असा संताप येतो — त्यांचा नाही, माझा — की हातातला कप भिंतीवर फेकावासा वाटतो. फेकत नाही अर्थात. हसते आणि म्हणते, मी आहे ही अशी आहे बाई.

आधीच सांगून टाकते, यात कुणी मेलं नाही. कुणी पोलिसात गेलं नाही, कुणाचा संसार उघड्यावर पडला नाही. तसं काही झालं असतं तर चौकशी तरी झाली असती, मी सापडले असते, आणि एव्हाना जे काय भोगायचं ते भोगून मोकळी झाले असते. इथे दाखवायलाच काही नाही. मी एका माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास काढून घेतला — जाणूनबुजून, दुपारच्या जेवणानंतर, चारचौघांसमोर, हसत हसत.

बघा, सांगूनही टाकलं. पण असं सांगितलं तर ते काहीच नाही. तुम्ही म्हणाल, होतं असं, ऑफिस म्हटल्यावर भांड्याला भांडं लागायचंच. नवरासुद्धा हेच म्हणेल. "अगं, एक ओळ ना? त्यात काय एवढं?" म्हणूनच मी त्याला सांगत नाही. ज्यांना यातलं कळत नाही ते मला दोन मिनिटांत माफ करतील, आणि ती फुकटची माफी मला नकोय. ज्यांना कळतं ते सगळे माझ्याच धंद्यातले. त्यांना सांगायची माझी छाती नाही. तेव्हा तुम्हाला आधी कळेल असं सांगते, मग काय वाटायचं ते वाटू दे.

आमची कंपनी अंबडला आहे, छोटीशीच. डाळिंबं निवडायची मशीन बनवतो आम्ही. ओझरला विमानं बनतात, आम्ही डाळिंबं निवडतो — हा आमच्या मालकांचा विनोद, प्रत्येक पाहुण्यासमोर ठरलेला. पट्ट्यावरून डाळिंब पुढे सरकतं, वरचा कॅमेरा त्याचे फोटो काढतो, आतला कॉम्प्युटर ठरवतो की हे चांगलं, हे मध्यम, हे डागी. त्याप्रमाणे एक लहानसं फाटक कलतं आणि फळ आपापल्या खणात पडतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे सगळं व्हावं लागतं. त्या कॉम्प्युटरच्या तळाशी जो प्रोग्राम असतो, बाकीच्या सगळ्यांना मेमरीतली जागा वाटून देणारा, त्याला कर्नल म्हणतात. तो माझ्याकडे. फोटो बघून डाळिंब चांगलं की डागी हे ठरवणारा वरचा प्रोग्राम योगेशकडे.

आता जरा कान देऊन ऐका, अवघड नाही. कॅमेऱ्याचा फोटो मेमरीत एका जागी येऊन पडतो. तो तिथून उचलून योगेशच्या प्रोग्रामच्या हद्दीत नेऊन ठेवायचा तर वेळ जातो. म्हणून कर्नल फोटो हलवतच नाही. तो प्रोग्रामला नुसता पत्ता देतो — इथे बघ, दिसेल. यालाच मेमरी मॅपिंग म्हणतात. पुढचा फोटो दुसऱ्या जागी पडला की तोच पत्ता त्या नव्या जागेला जोडायचा. पण प्रोसेसर मोठे आळशी. कुठला पत्ता कुठल्या जागेचा हे ते दर वेळी विचारत नाहीत, लक्षात ठेवतात. आणि आमच्या चिपमध्ये असे चार, चौघांची चार डोकी. त्यामुळे जागा बदलली की कर्नलने चौघांना हाक मारून सांगायचं असतं, बाबांनो, जुनं विसरा. आणि चौघंही विसरेपर्यंत थांबायचं असतं. नाही थांबलं तर? आपल्या ओळखीतल्या कुणी घर बदललं तरी आपण सवयीने जुन्याच दाराची बेल वाजवतो आणि दार भलताच माणूस उघडतो, तसं होतं.

ते थांबणं मला खुपायचं. प्रत्येक फोटोमागे हाक, प्रत्येक हाकेमागे थांबणं. मशीनचा निम्मा वेग त्यात जातोय असं मला वाटायचं. मग मी ते बदललं. प्रत्येक वेळी हाक मारायच्या ऐवजी हाका साठवायच्या आणि जमल्या की एकदम मारायच्या, अशी माझी युक्ती. वेग असा वाढला की मालक खुर्चीतून उठून उभे राहिले. परदेशी मशीनच्या तोडीस तोड, म्हणाले. वाढलेल्या वेगाचा माझा आलेख छापून त्यांनी स्वागतकक्षात लावला, गणपतीच्या फोटोच्या शेजारी.

पण साठवलेल्या हाका मारेपर्यंत मधे एक फट राहायची ना. इवलीशी. त्या फटीत एखादा प्रोसेसर जुन्या जागी जाणार आणि तिथे तोवर दुसऱ्याच डाळिंबाचा फोटो येऊन पडलेला असणार. हे मला सुचलं नव्हतं का? सुचलं होतं. इतक्या बारीक फटीत कोण सापडतंय, असं म्हणून मी सोडून दिलं. नाही — खोटं कशाला बोलू — एवढंही म्हटलं नव्हतं. विचार आला आणि मी घाईघाईने दुसऱ्या कामाला लागले, जसं आपण नको असलेला फोन वाजू देतो.

सटाण्याकडच्या एका पॅकहाउसमधून तक्रार आली. तिथला म्हातारा मुकादम फोनवर म्हणाला, "ताई, तुमनं मशीन येडं शे." चांगलं लालबुंद फळ मधेच डागी खणात जातंय. रोज नाही, सारखं नाही, पण जातंय. आता फळ कुठल्या खणात टाकायचं हे कुणाचा प्रोग्राम ठरवतो? योगेशचा. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. माझी पण.

योगेशविषयी सांगायला हवं. निफाडकडचा, तिशीचा, दणदणीत आवाजाचा माणूस. तो ऑफिसात शिरायच्या आधी त्याचं बोलणं शिरायचं. कुणाच्याही कामात नाक खुपसणार, चूक सापडली की अख्ख्या मजल्याला ऐकवणार, स्वतःची सापडली तरी तितक्याच जोरात हसणार. मीटिंगमध्ये मालकांना तोंडावर सांगायचा, साहेब, हे काय जमणार नाय. मला सारखा म्हणायचा, मॅडम, मला खाली घ्या ना. खाली म्हणजे कर्नलवर, माझ्या हाताखाली. त्याला तेच करायचं होतं, डाळिंबं बघून त्याचा जीव कावला होता. आणि मला तो आवडायचा नाही. मालकांपुढे जे बोलायला मला इतकी वर्षं धीर झाला नव्हता, ते हा येऊन चार दिवस झाले नाहीत तोच बोलायला लागला होता. त्याचा मला जळफळाट व्हायचा. हे कारण म्हणून सांगत नाहीये. त्याच्याविषयी मी किती दिवसांपासून मनात अढी धरून होते ते सांगतेय.

त्याने चूक शोधली. बोलभांड असला तरी ही गोष्ट त्याने चव्हाट्यावर मांडली नाही, माझ्या टेबलाशी आला, खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, ह्यात लय मोठा घोळ हे. माझा प्रोग्राम फोटो बघत असतानाच खालून चित्र बदलतंय." त्याने एक छोटा चाचणीचा प्रोग्राम लिहिला होता, तो चालवला की कधीतरी ते पकडलं जायचं. मी म्हटलं, मला पाठव, सोमवारी मीटिंगमध्ये बघू.

सोमवारी सकाळी, बाकी कुणी यायच्या आत, मी तो चालवला. आणि दिसलं. स्क्रीनवर वरचं अर्धं एक डाळिंब, खालचं अर्धं दुसरंच. मी खाली टपरीवर गेले, चहा घेतला, परत आले, पुन्हा चालवला. पुन्हा तेच. म्हणजे मला माहीत होतं. माझी चूक, माझी युक्ती, माझी फट — आणि त्याचा प्रोग्राम चोख. त्या घडीला मला सगळं माहीत होतं, कळलंच नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही.

का नाही बोललात, असं विचाराल. कारणं माझ्याकडे ढीगभर आहेत. त्या आठवड्यात बाहेरचे पाहुणे मशीन बघायला येणार होते, आलेख भिंतीवर होता, बाईमाणसाची एकदा चूक झाली की — जाऊ दे. ही सगळी कारणं मी स्वतःला इतक्यांदा सांगितलीत की आता त्यांचाच वीट आलाय. ऐकवत नाही तुम्हाला.

आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. काही चुका वेळेवर अवलंबून असतात. एक काम दुसऱ्याच्या केसभर आधी झालं तर चूक, नंतर झालं तर सगळं ठीक. अशी चूक शोधायची म्हणून तुम्ही प्रोग्राममध्ये एक ओळ टाकता — अमुक वेळी अमुक झालं, एवढं स्क्रीनवर छापणारी. पण छापायलासुद्धा वेळ लागतो. शिवाय छापण्यासाठी प्रोग्रामला कर्नलकडे यावं लागतं, आणि माझ्या कर्नलमध्ये कुणी आलं की साठवलेल्या हाका तिथल्या तिथे मारल्या जायच्या. मग फट कुठली? ओळ टाकली की चूक गडप. ओळ काढली की हजर. मी स्वतः नव्या लोकांना हे शिकवलेलं आहे. छापायची ओळ टाकून चूक गेली तर नाचू नका, ती लपलीय, असं.

मीटिंगमध्ये योगेशने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना ती दोन अर्धुकं कशी दिसतात ते सांगायला लागला. मालक होते, आमच्यातले चार-पाच जण होते. मी म्हटलं, दे इकडे. लॅपटॉप माझ्याकडे ओढला. म्हटलं, तू फोटो कधी उघडतोस, कधी बंद करतोस, हे छापतच नाहीस, मग तुला कळणार कसं? आणि एक ओळ टाकली. चालवला. सगळे बघत बसले. काही नाही. पुन्हा चालवला. काही नाही. लख्ख डाळिंबं, एकामागून एक.

"कुठेय तुझं बदलणारं चित्र?" मी विचारलं.

तो वाकून बघत राहिला. म्हणाला, "मॅडम, मी डोळ्यानं बघितलंय."

"मग आधी डोळे तपासून घे, योगेश."

सगळे हसले. मालक तर टेबलावर हात मारून हसले. योगेशही हसला, नेहमीसारखा मोठ्याने हसायला गेला आणि मधेच थांबला. लॅपटॉप उचलला आणि म्हणाला, बघतो मी. बस. त्या ओळीचा कावा त्यानेही कधीतरी ऐकला असणार. पण ओळ मॅडमनी टाकली होती. मॅडम फसवतील असं त्याच्या मनात आलं नाही. आज मला त्याचाही राग येतो — का नाही आलं तुझ्या मनात, दगडा? का नाही तू ती ओळ काढून पुन्हा चालवलास? मला तिथल्या तिथे उघडं पाडायला तुला एक क्षण लागला असता. एरवी अख्ख्या मजल्याला ऐकवायचास ना?

कप्पाळ माझं. त्याच्यावर चिडून काय उपयोग!

पुढे बरेच महिने तो स्वतःच्या प्रोग्राममध्ये नसलेली चूक शोधत राहिला. मला ते दिसत होतं, माझं टेबल समोरच होतं. एकेक ओळ पुन्हा लिहायचा. दुसऱ्याच्या कामात बोलणं थांबलं. मग स्वतःच्याही थांबलं. काही विचारलं तर "असं मला वाटतं" म्हणायचा, आणि लगेच "मला नक्की नाय सांगता येणार" जोडायचा. कर्नलवर घ्या म्हणणं तर कधीच बंद झालं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही ऑफिसातल्या बायका एकमेकींकडे जातो, तशी मी त्याच्या घरी गेले. त्याची बायको वाण देता देता म्हणाली, हे घरीसुद्धा आता गॅस बंद केलाय का ते फिरून फिरून बघतात, कुलूप लावून जिना उतरतात आणि परत वर येतात. मग म्हणाली, तुम्ही सांभाळून घेता म्हणून बरंय, मॅडम. मी तिच्या हातचा तिळगूळ घेतला, वाण घेतलं आणि पंचवटीला परतायला रिक्षात बसले. रडले असेन असं वाटलं तुम्हाला? नाही रडले. तिच्यावरच चिडले होते, मला हे कशाला सांगितलंस म्हणून.

चूक मी नंतर दुरुस्त केली. पाहुणे येऊन गेले होते, मशीन पसंत पडलं होतं, मालक खूश होते. इतर दहा बदलांच्या घोळक्यात मी तीन-चार ओळी सरकवल्या, फट बुजवली, थोडा वेग गेला तो दुसरीकडून भरून काढला. कुणाला पत्ता लागला नाही. सटाण्याच्या तक्रारी थांबल्या. आणि नेमकं त्याच सुमाराला योगेशने आपल्या प्रोग्राममध्ये काहीतरी बदललं होतं.

तो पेढे घेऊन आला. खरंच, पेढ्यांचा पुडा घेऊन. सगळ्या मजल्यावर वाटले आणि शेवटी माझ्याकडे आला. म्हणाला, "मॅडम, चूक माझीच होती. सापडली. तुम्ही पहिल्यापासून सांगत होतात." 

तेव्हा तरी बोलायचं. तोंड उघडायचं. मी पेढा घेतला आणि म्हटलं, असू दे, चुकतमाकतच शिकतो माणूस. असू दे म्हणाले मी त्याला! जीभ कशी झडली नाही माझी, हे मला अजून कळलेलं नाही. वर तोंडात पेढा.

तो वर्षभरात कंपनी सोडून गेला. आता दिंडोरी रस्त्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. माझं मात्र बरं चाललंय. पद वाढलं, खोली मिळाली, नवे लोक दारातून आत यायला बिचकतात.

या हिवाळ्यात त्याचा फोन आला. कॉलेजात कार्यक्रम आहे, पाहुण्या म्हणून या. नाही म्हणायला तोंड होतं का मला? होतं की. शंभर बहाणे होते. पण गेले, कारण न जाणं म्हणजे घाबरणं, आणि घाबरत नाही असं मला स्वतःला दाखवायचं होतं. शाल दिली, नारळ दिला. मग योगेश बोलायला उभा राहिला. आवाज मऊ झालाय त्याचा. त्याने पोरांना तीच गोष्ट सांगितली — डाळिंबाची, सोमवारच्या मीटिंगची, मॅडमनी एक ओळ टाकून त्याचा गर्व कसा उतरवला त्याची. स्वतःची टिंगल करत सांगितली. म्हणाला, काही चुकीचं दिसलं तर आधी आपलंच चुकलंय असं धरून चाला, मी हे मॅडमकडून शिकलो. दर वर्षी सांगतो म्हणे तो हे. दर वर्षीच्या पोरांना. टाळ्या पडल्या. मी हात जोडले.

मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. सडपातळ, चष्मेवाली, जरा घाबरलेली. म्हणाली, "पण सर, छापायची ओळ टाकली की वेळ बदलतो ना? मग चूक गेली नसेल, नुसती लपली असेल."

सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. योगेशने हसून माइक माझ्या हातात दिला. त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता, आपली विद्यार्थिनी कसा प्रश्न विचारते बघा, असा. संशय — नखाएवढाही नव्हता. मी शोधला, शप्पथ, शोधला त्याच्या डोळ्यांत. असता तर कदाचित मी बोलले असते. कदाचित म्हणजे काय? नसतेच बोलले.

मी म्हटलं, "प्रश्न चांगला आहे. पण सरांच्या बाबतीत तसं नव्हतं. आम्ही ते तपासलं होतं."

ती उभीच राहिली. म्हणाली, "नाही मॅडम, मला वाटलं की—"

"बस गं," योगेश तिला समजुतीने म्हणाला. "मॅडम सांगतायत ना."

ती बसली. मी पुढचा प्रश्न घेतला.